बिब्ब्याचे डाग

देवीने मला माफ केलं असेल, असं घरचे म्हणतात. मला तशी खात्री वाटत नाही. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात तळ्यातली मासेमारी हा माझा धंदा, पण मान मिळाला तो बिब्ब्यामुळे. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की बाया त्याला माझ्याकडे आणत. मी चंद्रपूरच्या महाकालीचं नाव घेऊन तापल्या सुईने बिब्ब्याचं तेल काढायचो आणि बेंबीभोवती ठिपके द्यायचो. बहुतेक पोरं बरी व्हायची. ती आपोआपच बरी होणारी होती, हे मला कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं.

मग माझाच नातू जन्मला. पहिले दोन दिवस त्याला शी झालीच नाही. पुढे व्हायची ती चार-पाच दिवसांतून एकदा, जेमतेम. पोट नगाऱ्यासारखं ताठ. सून म्हणाली, "मामाजी, मले हे बरं दिसून नाई राह्यलं. गडचिरोलीले दवाखान्यात नेऊ." मी तिच्यावर खेकसलो. गावची पोरं मी बरी करायची आणि घरचं पोर डॉक्टरकडे न्यायचं? मी बिब्बा दिला. कातडीला फोड आले, पोट तसंच राहिलं. तेव्हा त्याला देवीच्या पायावर घालायचा नवस बोललो आणि चैत्राच्या जत्रेत आम्ही चंद्रपूरला गेलो.

रांगेतच पोर हिरवं ओकलं. मागे एक अनोळखी बाई होती, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. तिने बाळाचं झबलं वर करून पोट पाहिलं. "भाऊ, याले शी होते का?" मी नकारार्थी मान हलवली. तिने मुलीच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. "इचं बी असंच होतं. निघा इथून."

"अन् दर्शन?"

"देवी कुठी जाऊन नाई राह्यली, भाऊ. पोरगं जाऊन राह्यलं."

गाभारा दहा पावलांवर होता. जन्मात पहिल्यांदा मी दर्शन न घेता रांग सोडली. त्या बाईने आपलीही जागा सोडली, आम्हाला ऑटोत बसवलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत आली. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

तिथून नागपूरला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसांच्या पेशी नाहीत, म्हणून तिथले स्नायू सैल पडत नाहीत आणि मळ पुढे सरकत नाही. आधी मळ बाहेर पडायला पोटावर वाट काढली, काही महिन्यांनी तो भाग काढून टाकला. आज नातू अंगणात धावतो. त्याच्या पोटावर टाक्यांचा एक व्रण आहे, आणि भोवती माझे ठिपके.

डॉक्टर बोलत असताना मला शेजारची सुमन आठवत होती. पाच वर्षांपूर्वी तिचं बाळ असंच ताठ पोट घेऊन माझ्या मांडीवर होतं. मी बिब्बा दिला, थांबा म्हणालो. ते गेलं तेव्हा 'देवीनं नेलं' असं मीच सांगितलं. त्याला हाच आजार होता की दुसरा, आता कळायचं नाही. पण दर चैत्रात त्याच्या नावाचा नारळ सुमन माझ्याच हाती देवीला पाठवायची, आणि मी तो न्यायचो.

परतल्यावर तिच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. तिने निवडायच्या तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ, तवा तुमी फकस्त 'मले समजून नाई राह्यलं' म्हनले असते, तरी मी दवाखान्यात नेलं असतं."

आता कोणी फुगल्या पोटाचं बाळ आणलं की मी तेच म्हणतो, आणि सोबत दवाखान्यात जातो. रांगेतल्या त्या बाईला मी रोज हात जोडतो. मला समजत नाही, एवढं कबूल करणं हीच मला जमलेली शरणागती, आणि ती सुमनच्या बाळासाठी फार उशिरा जमली.

यंदाच्या चैत्रात निघताना मी सुमनच्या दारापाशी थांबलो. तिने नारळ दिला नाही.