पाळकांसाठीचा फोन

आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळींनी पाळकांसाठी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसाठी, एक फोन सुरू केला आणि तो लोणावळ्यात माझ्या स्वयंपाकघरात आला. चर्चमधल्या कुणा बाईचा किंवा लेकराचा छळ होतोय असं पाळकांच्या कानावर आलं, तर त्यांनी एकट्याने कुढत न बसता या नंबरवर कळवायचं, अशी योजना होती. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते, दिवसभर घरी असायचे, आणि नवऱ्याच्या मते मला बोलायला कुणीतरी हवंच होतं. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी प्रार्थना करून फोन माझ्या हातात दिला आणि नियम सांगितला. आलेली गोष्ट आधी त्यांना सांगायची, मग समिती बसेल, मग पुढचं ठरेल. तोवर बाहेर कुठे बोलायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे छप्पर गळलं तरी आधी समितीच बसते.

पहिला फोन आला तो पाळकांचा नव्हताच. मुंबईचे कुणी गृहस्थ विचारत होते, शनिवार-रविवार बंगला मोकळा आहे का आणि पूल किती खोल आहे. हा नंबर आधी मळवलीच्या एका बंगलेवाल्या एजंटाकडे होता, हे आम्हाला हळूहळू कळलं. सुट्ट्या लागल्या की दिवसभर तेच. मी वैतागायचे, नवरा मात्र रमला. रस्त्यात कुठे गर्दी असेल, कार्ल्याला जेवण कुठे बरं मिळेल, हे तो लोकांना मनापासून सांगायचा. एका बाईंनी पूल आहे का म्हणून फारच खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पूल नाही, पण पाळक आहेत." त्यांनी विचार करून कळवते असं सांगितलं.

पाळकांचे फोनही सुरुवातीला असेच. एकांच्या आवारात शेजाऱ्यांच्या कोंबड्या येत होत्या. दुसऱ्या एकांना त्यांची समिती बैठकीत चहा विचारत नव्हती आणि हाही छळच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे.

एका सकाळी मी वाल सोलत बसले होते तेव्हा मळवलीकडच्या एका छोट्या चर्चमधून फोन आला. तिथले पाळक तरुण होते, नवीनच आले होते. त्यांचा आवाज इतका हळू होता की मी गॅसवरचा कुकर बंद केला.

"बाई, एका मुलीने माझ्या बायकोला काही सांगितलंय," ते म्हणाले.

मुलगी आठवीतली. चर्चमध्ये गायनवृंदाला पेटी शिकवणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते शिकवणी संपल्यावर तिला एकटीला थांबवून घेत होते आणि नको तसं वागत होते. दोनदा तिने आजाराचं निमित्त केलं. तिसऱ्यांदा ती पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि सगळं बोलली. पाळकांना पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. नियमाप्रमाणे त्यांनी मला कळवलं आणि नियमाप्रमाणे मी अध्यक्षांना.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की काकांचं वय झालंय, त्यांच्या घरात लग्नाच्या मुली आहेत, पाळक नवीन आहेत, ऐकण्यात चूक झाली असेल. रविवारी उपासना झाल्यावर समिती बसेल, काकांना बोलावू, प्रार्थना करू, समज देऊ. अध्यक्ष म्हणजे वाईट माणूस नव्हता. चर्चचं नाव खराब होईल या भीतीने तो गांगरला होता, एवढंच. पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, गायनवृंदाची तालीम शनिवारी असते. समिती बसणार त्याच्या आदल्या दिवशी.

पुण्यात एका वकीलबाईंनी आम्हाला या कामाचं शिक्षण दिलं होतं. मी त्यांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मुलगी या क्षणी कुठे आहे आणि कुणाजवळ आहे. ते मी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की मूल असेल तर कायद्याने समितीला मधे जागाच ठेवलेली नाही. ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचं. आता पाळकांना कळलंय, मलाही कळलंय आणि अध्यक्षांनाही.

"मग आमचा हा फोन कशाला आहे?" मी विचारलं.

"पाळकांना पोलीस स्टेशनात एकट्याने जावं लागू नये म्हणून," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने काही न विचारता स्कूटर काढली. वाल तसेच ताटात राहिले. जुन्या हायवेने जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. मुलीच्या आईला कसं सांगायचं, ती घाबरेल, बदनामीचं काढेल, तेव्हा धीर कसा द्यायचा. शाळेत इतकी वर्षं पालकांच्या सभा घेतल्या होत्या, पण असं काही कुठल्याच सभेत बोलले नव्हते.

पाळकांचं घर चर्चच्या मागेच होतं. मुलगी पाळकीणबाईंजवळ बसून शेंगा फोडत होती, ते पाहून आधी माझा जीव भांड्यात पडला. आईलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. ती जवळच्या एका बंगल्याची देखभाल करायची. कामावरून तशीच आली होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनेच मला थांबवलं.

"बाई, तुमी मिटवायला आलाय का?"

"नाही. पोलिसांकडे जायला आलोय."

"मग चला की. मी कवाची चप्पल घालून बसलीय."

मी जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पाणी मागून घेतलं. मुलीने एकच विचारलं, सगळ्यांसमोर सांगावं लागेल का. मी नाही म्हटलं आणि तिने सांगितलं ते बरं केलं, असंही म्हटलं. पाळकीणबाईपण हेच बोलल्या, असं म्हणून तिने उरलेल्या शेंगा माझ्यापुढे सारल्या.

पोलीस स्टेशनाच्या बाहेरून मी अध्यक्षांना कळवलं की आम्ही आत चाललो आहोत. त्यांनी फोन कट केला. आत पाळकांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. नंतर एक महिला अधिकारी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये मुलीच्या घरी आल्या, आईला जवळ बसवून त्यांनी मुलीचं सावकाश ऐकून घेतलं. त्या निघताना मुलीने त्यांना विचारलं, तुम्ही बुलेट चालवता का. त्यांनी सांगितलं, स्कूटी चालवते, पण कुणाला सांगू नकोस.

काकांना अटक झाली. केस अजून चालू आहे, मुलीची साक्ष झाली आहे. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन घरांनी चर्चला येणं सोडलं, पाळकांनी घाई केली असं काहीजण अजून म्हणतात. त्या नाताळात गाण्यांना पेटी नव्हती. पाळकीणबाईंनी डफ वाजवला आणि पोरं नेहमीपेक्षा जोरात गायली.

अध्यक्ष बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. चर्चमध्ये भेटले की माझ्या नवऱ्याला नमस्कार करायचे आणि माझ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचे. मग एकदा मुलीच्या आईने मला सांगितलं, "सायेब आलते घरी. काय बोलावं ते त्येनला सुचंना. मीच म्हनलं, बसा, च्या घ्या. दोन कप पिऊन गेले."

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः उभं राहून नवा नियम मांडला. मुलाबाळांची गोष्ट असेल तर पाळकांनी आधी पोलिसांना सांगायचं, त्याच वेळी आमच्या फोनवर, आणि आम्ही सोबत जायचं. समितीला नंतर कळवलं तरी चालेल. हे त्यांना फार आधीपासून सुचत होतं, असंही ते म्हणाले. बैठकीला पुण्याहून आलेल्या वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि समोरच्या ताटलीतला बटाटेवडा उचलला.

फोन अजून माझ्याकडेच आहे. मुलगी आता दहावीत आहे, कबड्डी खेळते. मागच्या महिन्यात शाळांचे सामने होते म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. तिची पकड झाली तेव्हा आपण रेषेला हात लावला होता, यावर ती पंचांशी भांडत होती. आई कडेला उभी होती, तिचा आवाज पोरीपेक्षा मोठा होता. पंचांनी शेवटी गुण दिला. खरं सांगायचं तर हात लागला नव्हता, मी जवळच बसले होते.