खड्ड्यातले नळ

हिरामणने आळीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकली आणि तो घराकडे निघाला. बिल्किसच्या दारात थबकला. तिचा नळ खड्ड्यात होता, खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं, आणि नळाचं उघडं तोंड त्यात बुडालेलं. ते काळं पाणी गरगरत नळात आत शिरत होतं. सुर्रर्र असा आवाज येत होता. हा आवाज तो सात वर्षं ऐकत होता आणि हवा आहे म्हणून सोडून देत होता.

त्याने वाकून नळाच्या तोंडावर तळवा धरला, तर तो आत ओढला जात होता.

वरसे गावाच्या अंगाला प्लॉट पाडून ही वस्ती उठली. आधी चाळीस घरं, मग कंपन्यांत माणसं आली आणि दीडशे झाली. पाइप तोच, तोही प्लॉटवाल्याने गटारातून टाकलेला. आखणी वगैरे कोणी केलीच नव्हती. टोकाच्या आळीला पाणी पोचेना. तेव्हा हिरामणनेच अक्कल दिली. पेणकडच्या मिठागरात उमेदीची वर्षं घातलेला माणूस तो. पाणी खाली धावतं हे त्याला कोणी शिकवायला नको. ‘‘खड्डा करा, नळ रस्त्याच्या खाली न्या,’’ म्हणाला. आळीने खड्डे केले. पाणी आलं की कळावं म्हणून नळ उघडेच ठेवायची सवयही लागली. पाणी बंद झालं की पाइप उताराकडे रिता होतो आणि रिता होताना मागून मिळेल ते ओढून घेतो, हे मात्र त्याने कधी मनात आणलं नाही.

आळीत अकरा जणांना कावीळ झाली होती. शेजारच्या पुतळीच्या पोटुशा सुनेला त्याच काविळीत मुंबईला नेत होते, तिने वाटेत वडखळलाच जीव सोडला. आणि बिल्किसची लेक अफिफा सातव्या महिन्यात, आठ दिवसांपूर्वीच माहेरी आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हिरामणने आपल्या दारातला खड्डा बुजवला, आळीच्या तोंडाशी आला आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर उभा राहिला.

‘‘खड्डे बुजवा. मग पानी सोडतो.’’

‘‘काका, फर्स्ट शिफ्ट हाय माझी!’’ आळीतला धनेश टॉवेल गुंडाळूनच धावत आला. ‘‘चावी द्या.’’

‘‘नाय देनार.’’

‘‘पगार आम्ही देतो तुम्हाला. खड्डे कोनी करायला लावले? आता मोठे डॉक्टर झालात!’’

‘‘मीच लावले. चुकलो. गटार पितोय आपन, धनेश.’’

धनेशने चावीला हात घातला. दोघं ओढत होते, बायका रिकाम्या कळशा आपटत होत्या, आणि हिरामणची बायको सगुणा सगळ्यांत मोठ्याने त्यालाच शिव्या घालत होती. हिरामणचा हात सुटायला आला होता.

तेवढ्यात बिल्किस मातीचं घमेलं घेऊन पुढे आली.

‘‘हिरामणभाऊ, खरं सांगा. खड्डा बुजवला तर माझी अफिफा वाचेल?’’

हो म्हणणं सोपं होतं.

‘‘भाभी, आजपासनं घान जानार नाय. आठ दिवसांत पोटात गेलं त्याचं मला नाय सांगता यायचं.’’

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग वळली, दारात गेली आणि घमेलं खड्ड्यात पालथं केलं.

त्यानंतर वाद चालला तो फावडं आधी कोणी घ्यायचं यावर. धनेश बिनअंघोळीचा कामावर गेला.

नळ वर आले आणि टोकाच्या आळीचं पाणी तुटलं. बायका वरच्या एका नळावर रांग लावू लागल्या. डॉक्टर म्हणाले होते, दीड महिना वाट बघा, काविळीचं दिसायचं ते तेवढ्यात दिसेल. रोज सकाळी बिल्किस अफिफाला उजेडात आणून तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढायची. हिरामण चावी घेऊन जाताना विचारायचा नाही. ती आपणच ओरडायची, ‘‘पांढरेच हायत!’’

एका सकाळी दार बंद. हिरामणने पुढे जाऊन व्हॉल्व्हला दोन आटे दिले आणि राहवेना, तसाच मागे धावला. दार धडधडा वाजवलं.

बिल्किस बाहेर आली. ‘‘काय ओ, आग लागली काय? पोर झोपलीय. उठवू तिला डोळे दाखवायला?’’

‘‘पन आज...’’

‘‘दीड महिना परवाच संपला. बघणं बंद केलं मी.’’

हिरामणने चावी खांद्यावर टाकली. नाक पुसत परत व्हॉल्व्हकडे पळाला. नळाला जेमतेम धार होती आणि रांगेतल्या बायका त्याच्या नावाने शिमगा करत होत्या.