सदर मुलगी कोणाशी बोलत नाही

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पत्र माझ्या हातात दिलं, तेही दारातूनच. विषय : आपल्याकडील परदेशी भाडेकरू. मुद्दे तीन. एक, जिन्यात अनोळखी स्वयंपाकाचा वास येतो. दोन, जाण्यायेण्याच्या वेळा विचित्र आहेत. तीन, सदर मुलगी कोणाशी बोलत नाही. सबब, येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये तिला खोली सोडायला सांगण्याचा ठराव मांडला जाईल.

तिसरा मुद्दा वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही मुलगी लेसोथोची. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधोमध हा चिमुकला डोंगराळ देश. इथे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. वेळा विचित्र असणारच, वॉर्डमधली ड्यूटी काय यांच्या चहाच्या वेळा बघून लावतात? परीक्षा दीड महिन्यावर आली होती, आणि शनिवार पेठेतल्या माझ्या फ्लॅटची मागची खोली गेली असती तर ऐन परीक्षेत तिला दारात कोण उभं करणार होतं? आधी सतरा ठिकाणचे नकार पचवूनच ती माझ्याकडे आली होती.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ळ आणि ण साठी पोरांना उभं केलं, आणि ती राहायला आली त्या आठवड्यात भाच्याला फोन करून काय विचारलं, तर 'आफ्रिकन भाषेत' नमस्काराला काय म्हणतात! सकाळी तिच्यापुढे चहा ठेवून ऐटीत म्हणाले, "जांबो!"

ती हसली. म्हणाली, "म्मे, ती स्वाहिली. आमच्यापासून फार लांब. तुम्हाला इथे कोणी वणक्कम म्हटलं तर?"

शरमेनं मान खाली गेली. एवढा मोठा खंड, आणि मी त्याला एकच भाषा देऊन मोकळी! त्याच दिवशी नवी वही काढली. रोज चहाला तिच्या सेसोथो भाषेतले दोन-तीन शब्द. दुमेला म्हणजे नमस्कार. वयानं मोठ्या बाईला म्मे, म्हणजे आई. पुरुषाला न्ताते, म्हणजे वडील. मेत्सी म्हणजे पाणी, केया लेबोहा म्हणजे आभारी आहे. कसं चाललंय विचारायचं तर 'उ फेला ज्वांग?' आणि उत्तर 'के फेला हांत्ले', बरी आहे. हांत्लेमधला त्ले माझ्या कवळीतून काही केल्या सरळ येईना. ती माझ्यापेक्षा कडक मास्तरीण. दहादा म्हणवून घ्यायची. 'ङ्वानाका' म्हणजे माझ्या लेकरा. जन्मभर तक्त्यात नुसता बसून राहिलेला ङ शेवटी कामाला लागला, याचा मला कोण आनंद!

आणि एक गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी बजावली. आमच्याकडे माणूस दिसला की आधी दुमेला, मग बाकीचं. काम असो वा नसो. आणि समोरच्यानं उत्तर द्यायचंच.

असली मुलगी कोणाशी बोलत नाही म्हणे!

शनिवारी तिला समोर बसवून विचारलं, "खरंच बोलत नाहीस का गं तू?" ती म्हणाली, "पहिले दोन महिने रोज बोलले. मग थांबले." कोण काय म्हणालं ते मी खोदून खोदून काढलं आणि वहीत उतरवलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी पत्र वाचलं. तिसरा मुद्दा आला तशी मी उठले.

"अहो, बोलत नाही? दोन महिने ती तुम्हा प्रत्येकाला रोज नमस्कार म्हणत होती. मराठीत! उत्तरं वाचू?" आणि वाचलीच. "पहिला मजला : कोणाकडे जायचंय? तिसरा मजला : आम्हाला काही घ्यायचं नाही. चौथा मजला : दार बंद. सेक्रेटरी, तुम्ही : ओळखपत्र दाखव. नमस्काराला ओळखपत्र? वा रे वा! स्वतःची तोंडं शिवून ठेवायची आणि वर तिलाच शिष्ट ठरवायचं!"

तेवढ्यात ती ड्यूटीचा पांढरा गणवेश घालून जिना उतरली. एवढी माणसं बसलेली पाहून थांबली. पण बसल्या माणसांपुढून मुकाट्यानं जाणं तिला जमेना. हात जोडून म्हणाली, "दुमेलांग, बो-म्मे ले बो-न्ताते." आणि गेली.

"काय म्हणाली ती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आयांनो आणि वडिलांनो, नमस्कार. तुम्हालाच म्हणाली."

पहिल्या मजल्यावरचे आजोबा खाली बघत पुटपुटले, "परीक्षा होऊ द्या तिची." ठराव मागे पडला. मागे घेतला नाही हं, परीक्षेपर्यंत मागे पडला. याला म्हणायचं आमच्याकडचं मोठं मन!

दुपारी ती परत आली तेव्हा मी तिला वाढता वाढता सगळी हकीकत सांगितली. कोणाची कशी जिरवली, तेही तिखटमीठ लावून. ती हसत ऐकत होती. मग म्हणाली, "म्मे, यादीत एक राहिलं."

"कोण गं? सांग, त्यालाही बघते."

"पहिल्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर खोली बघायला आले होते. ते नाही म्हणाले. मी परत निघाले होते. तुम्ही दळणाचा डबा घेऊन वर येत होता. मी म्हटलं, नमस्कार काकू. तुम्ही म्हणालात, काय काम आहे?"

"मग?"

"काम काहीच नव्हतं. पण तुम्ही विचारलंत, म्हणून म्हटलं, खोली पाहिजे."

माझा हात पातेल्यातच राहिला. आठ महिने मी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की बघा, मी कशी जिन्यातच हो म्हणाले. स्वतःचीच लाज वाटली, आणि रागही आला, सोसायटीचा आला होता त्याहून जास्त. वही घेतली आणि यादीच्या शेवटी माझ्या फ्लॅटचा नंबर लिहिला.

मग तिच्यासमोर येऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दुमेला, ङ्वानाका."

तिनं लगेच उत्तर दिलं.