भाच्याचं मताधिक्य

राजस्थानातल्या फलोदीचे जेठमल बोहरा रोज चहाआधी जोडा हवेत उडवायचे आणि तो उलटा पडेल की सुलटा, यावर शेजारच्या तुळछीरामशी पैज लावायचे. विधानसभेला सख्खा भाचा उभा राहिला, तेव्हाही त्यांची पैज विजयावर नव्हती. फरक हजाराच्या आत राहील, यावर होती. पणाला लागली होती त्यांच्या दुकानापुढच्या पाट्यावरची, म्हणजे लाकडी बाकावरची, सावलीची जागा.

भाचा एक हजार नऊ मतांनी निवडून आला आणि गुलालानं माखून पाया पडला.

"मामासा, आशीर्वाद!"

"दहा मतं कमी घेतली असतीस तर काय बिघडलं असतं रे?"

"अहो, बारा तर आपल्याच घरची," मामी हसल्या. "तुम्हीच सगळ्यांना जीपमध्ये कोंबून नेलंत."

तुळछीराम सावलीत ऐसपैस बसला. जेठमल उन्हात सरकले आणि भाच्याला म्हणाले, "आमदारसाहेब, जरा इकडे उभे राहा. तुमची तरी सावली पडू द्या."