पहिल्या अंकातलं ‘जातो’

सांगलीत आमच्या हौशी नाट्यमंडळानं एक जुनी शोकांतिका बसवायला घेतली होती. मी नायकाच्या बायकोचं काम करायचे. घरी पाठांतराला बसलं की नायकाचे संवाद वडील वाचायचे. ते मूळचे कोरेगावकडचे, उभा जन्म पलटणीत काढलेले. पहिल्या अंकाच्या शेवटी नायक उंबऱ्यात थांबून बायकोला म्हणतो, ‘जातो.’ वडील तिथं हटकून ‘येतो’ वाचायचे.

“आवं दादा, ‘जातो’ लिहिलंय!” मी खेकसायचे.

“लिवंना का. घरातनं निघताना जातो म्हणत्यात व्हय? मी दर सुट्टी संपल्यावर येतो म्हणूनच निघालो. म्हणून तर आलो.”

दिग्दर्शक तालमीत सांगायचे, शोकांतिकेचा शेवट पहिल्या अंकातच असतो, तो ऐकू आला पाहिजे. मी शहाण्यासारखी मान हलवायचे. कळत मात्र काहीच नव्हतं.

प्रयोग पंधरा दिवसांवर आला आणि वडिलांना दवाखान्यात दाखल करायची वेळ आली. रिक्षा दारात उभी होती. मी फाइल, चार्जर, पाण्याची बाटली गोळा करत होते. ते उंबऱ्यात थांबले. सगळं घर एकदा नजरेखालून घातलं आणि हळूच म्हणाले, “जातो गं.”

“बघा, आता कसं बरोबर म्हणालात!” मी हसत हसत म्हटलं आणि दाराला कुलूप घातलं.

आठ दिवसांनी ते कुलूप मी एकटीनं काढलं.