ताईच्या दोन नळ्या

किस्से कुणी साठवत नाही. रक्ताच्या नळ्या, एक कॉम्प्युटर आणि तीन माणसं एका खोलीत कोंडली की ते आपोआप साचतात. जव्हारच्या आमच्या रक्ततपासणीच्या ऑफिसात तसेच साचलेत.

मी तिथला ड्रायव्हर. पाड्यांवरून नळ्या आणतो. शाळा सातवीत सोडली, पण कॉम्प्युटरवर काय चालतं ते बघून बघून कळलं. रक्तातल्या जनुकांची एकेक जागा मुंबईच्या यंत्राने किती वेळा वाचली, त्याची दर नळीमागे वेगळी फाइल येते. कॉम्प्युटरवरचा निखिल त्या सगळ्या जोडून एक मोठा तक्ता करतो. आमच्या डॉक्टर मॅडम तो तक्ता वाचतात आणि कुणाच्या रक्तात काय दोष आहे ते सांगतात.

* * *

खोडाळ्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने जीप अडवली.

"तपासून झालं ना? मग माझं रगत दे परत!"

"बाबा, ते मुंबईला गेलं."

"मी जन्मात मुंबई पाहिली नाय, आन रगत फिरून आलं!"

* * *

एकदा तक्त्यात एका आजीच्या नावाखाली वरपासून खालपर्यंत शून्य! निखिलने रिकामीच फाइल जोडली होती. मी दुसरी नळी आणायला गेलो आणि बोलून बसलो, "आजी, कॉम्प्युटरमध्ये तुम्ही शून्य आलात."

नागली निवडता निवडता आजीने मानही वर केली नाही. "त्याला सांग, मेले की कळवीन!"

आठवडाभर आम्ही हसत होतो. सगळ्यात जास्त मी.

* * *

सुमीताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. वर्षभर ती वाळत चालली होती. मोखाड्यात तपासलं, जव्हारला तपासलं, काही सापडलं नाही. मीच मॅडमच्या पाया पडून तिची नळी यादीत घातली.

ती नळी कमी पडली. यंत्राला पुरेसं वाचता आलं नाही. मॅडम म्हणाल्या, दुसरी आण.

ताई गोधडीत होती. "बारक्या, आता नको रं टोचू. माझ्यात राहिलंय काय?"

नळीवर नुसता नंबर असतो. नर्सबाई नवीन होत्या. मी माझा हात पुढे केला. एका आईची दोघं, रक्त काय वेगळं असणार!

नळी मुंबईला पोचली आणि इकडे ताई गेली.

* * *

परवा तिच्या दुसऱ्या नळीची फाइल आली. नंबर एकच, म्हणून निखिलने ती पहिलीला जोडून टाकली. मी चहा घेऊन आत शिरलो, तर तो खिदळत होता.

"मॅडम, बघा! नाव बाईचं, आणि आत पुरुषाचा वाय क्रोमोसोम! अर्धी बाई, अर्धा बाप्या!"

"ती माझी बहीण आहे," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा काढला. "दुसरी नळी कुणाची?"

"माझी."



* * *

मॅडमनी दोन्ही फाइली वेगळ्या करायला लावल्या. वाय गेला. माझं सगळं गेलं. ताईचं उरलं ते बघून निखिलने मान फिरवली. मधे मधे एक, दोन, बाकी शून्यच शून्य.

"आई रोज विचारते," मी म्हणालो. "पोरीला झालं काय होतं, एवढंच सांगा."

मॅडमनी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "एवढ्यावर मी काही सांगू शकत नाही रे. फार कमी पडतंय तिचं."

मी बाही वर केली. "मग घ्या ना अजून!"