मुशीत उरलेलं वजन

नाव: लुआन यूफन. वय: एकोणपन्नास. हुद्दा: प्रयोगशाळा परीक्षक, दुसरी श्रेणी, भट्टीच्या विटांचा कारखाना, दाशीच्याओ. काम: विटांतील कार्बन मोजणे. पारितोषिके: 'निर्दोष कामगार' प्रमाणपत्रे नऊ, स्टीलचे थर्मास नऊ. चुका: निरंक.

मोजायची रीत साधी होती. विटेची पूड मुशीत तोलायची, भट्टीत जाळायची, पुन्हा तोलायची. जेवढं घटलं तेवढा कार्बन. तीन वर्षांपूर्वी एका घाण्यात चौदा टक्क्यांऐवजी बाराच निघाला. तीनदा जाळून बाराच. मिश्रणावरचा सिन देलू सांगत राहिला, "ग्राफाइट पुरतं घातलंय, लुआनताई. पोतं न पोतं."

"मुशीला शपथ कळत नाही, सिनदादा," ती म्हणाली होती. सगळे हसले. ग्राफाइट चोरल्याबद्दल सिनला काढलं, आणि नव्या माणसाने जास्तीचं ग्राफाइट ओतून तिचे चौदा भरून दिले.

यंदा कार्बन जळून निघणारा वायू मोजणारं यंत्र आलं. ते बसवणाऱ्याने तपासणीसाठी जुना नमुना मागितला. लुआनने सिनच्या घाण्याची राखून ठेवलेली पुडी दिली. चौदा पूर्णांक एक.

कारण सापडायला जेवणाची सुट्टी पुरली. सिनला काढलं त्या वर्षीपासून विटेत अ‍ॅल्युमिनियमची पूड घालत होते. ती जळताना प्राणवायू धरून जड होते. कार्बन गेला तेवढ्यात हिचं वजन वाढलं, आणि तराजूने दोन टक्के गिळले. प्रयोगशाळेला कोणी कळवलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

"मग तीन वर्षं चौदाऐवजी सोळा टक्क्यांच्या विटा गेल्या, असं गिऱ्हाइकाला लिहून देऊ?" प्रयोगशाळेचे प्रमुख तोंग म्हणाले.

"सिनदादांपुरतं तरी लिहा, साहेब."

"लुआनबाई, अहवालावर कारखान्याचा लाल शिक्का आहे. आणि नमुना ठेवायची मुदत दोन वर्षं. ही पुडी इथे आहेच कशी?" त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. यंत्रातला आकडा 'चाचणी' म्हणून पुसला गेला.

सिन गावाबाहेर आपल्या घरापुढे जुन्या विटांची काजळी हातोडीने खरवडत बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो खरवडतच राहिला.

"मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं. बायकोला सांगा. ती अजून विचारते, कुणाला विकलंत म्हणून."

लुआन आत गेली. बायको आंबवलेली कोबी चिरत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद आहे का?"

कागद नव्हता.

वर्षअखेरीस दहावं प्रमाणपत्र आलं, थर्माससकट. चुका: निरंक. सिन देलू अजून चोर आहे.